आयर्लंडचा मतदार पक्ष का बदलतो?

निवडणूक जवळ आली की आपल्या घराजवळच्या खांबाखांबावर रातोरात हसरे चेहरे लटकायला लागतात. मतदानाच्या 30 दिवस आधी ते लावायची परवानगी मिळते आणि मतदानानंतर 7 दिवसांत उतरवावे लागतात, नाहीतर दंड. नवीन आलेल्या मंडळींचा त्या दिवसांतला ठरलेला प्रश्न असतो: "हा फियाना फॉलचा, तो फिना गेलचा, पण दोघांत फरक काय?" ऑफिसमधल्या आयरिश सहकाऱ्याला विचारलं तर तो हसून सांगतो, "आमचे पणजोबा कोणत्या बाजूने लढले त्यावर ते अवलंबून आहे."

हे उत्तर गमतीचं असलं तरी अर्धं खरं आहे. आणि इथला मतदार गेल्या पंधरा-वीस वर्षांत इतक्या सहज पक्ष का बदलायला लागला, याचं मूळही त्यातच आहे.

डिसेंबर 1921 मध्ये ब्रिटनशी तह झाला. जानेवारी 1922 मध्ये डॉलने, म्हणजे इथल्या लोकसभेने, तो 64 विरुद्ध 57 अशा मतांनी मान्य केला. मग जून 1922 ते मे 1923 असं यादवी युद्ध झालं. कालपर्यंत इंग्रजांविरुद्ध खांद्याला खांदा लावून लढलेली माणसं एकमेकांवर गोळ्या झाडू लागली, मायकेल कॉलिन्स त्यातच मारला गेला. तहाच्या बाजूचे लोक पुढे फिना गेलमध्ये आले (हा पक्ष 1933 चा), आणि तहाविरुद्ध लढलेल्या डी व्हॅलेराने 1926 मध्ये फियाना फॉल काढला. पुढची 80-90 वर्षं सत्ता याच दोघांभोवती फिरत राहिली.

आता यातली मेख बघा. इंग्लंडमध्ये कामगारांचा एक पक्ष आणि मालकांचा एक पक्ष, असं निदान पुस्तकात तरी सांगता येतं. इथे तसं नव्हतं. शेतकरी, दुकानदार, कामगार, शिक्षक दोन्ही पक्षांत होते. दोन्ही पक्ष मध्यममार्गी, दोन्ही चर्चला मान देणारे. फरक होता तो घराण्याच्या आठवणीचा. वडील ज्या पक्षाचे, मुलगाही त्याच पक्षाचा. गावात कोणाचं घर कोणत्या पक्षाचं हे सगळ्यांना माहीत असायचं. नोव्हेंबर 1982 च्या निवडणुकीत या दोन पक्षांनी मिळून 84 टक्के मतं घेतली होती. 2007 मध्ये हा आकडा 69 टक्क्यांवर आला. 2020 मध्ये 43 टक्के, आणि 2024 मध्ये 43 ला जरा कमीच.

आठवणीवर उभी असलेली निष्ठा आठवण पुसट झाली की जाते. जिथे निष्ठेला धंद्याचा, वर्गाचा किंवा धर्माचा आधार असतो, तिथे ती टिकते, कारण तो आधार रोज समोर दिसतो. इथे पणजोबांची बंदूक माळ्यावर गेली, मुलं शिकून डब्लिनला आली, बोस्टनला आणि सिडनीला गेली, रविवारचं चर्च सुटलं. मग पक्षाला चिकटून राहायला कारण काय उरलं? "हे सरकार माझं भलं करतं का?" एवढंच. आणि या प्रश्नाचं उत्तर दर निवडणुकीला बदलू शकतं.

फियाना फॉलला हे कळायला 2011 साल उजाडावं लागलं. 2007 मध्ये या पक्षाला जवळजवळ 42 टक्के मतं होती. घरांच्या किमती आभाळाला टेकल्या होत्या, कन्स्ट्रक्शन जोरात होतं आणि आपल्यातले बरेच जण त्याच काळात इथे आले. सप्टेंबर 2008 मध्ये बँका कोसळायला लागल्या तेव्हा सरकारने एका रात्रीत बँकांच्या सगळ्या देण्यांची हमी घेतली. बँका वाचवायला शेवटी 64 अब्ज युरो लागले. नोव्हेंबर 2010 मध्ये नाणेनिधी आणि युरोपियन युनियनपुढे हात पसरावे लागले, पगार कापले गेले, तरुण पोरं पुन्हा विमानतळाच्या रांगेत उभी राहिली. फेब्रुवारी 2011 मध्ये फियाना फॉलची मतं 17 टक्क्यांवर आली आणि 20 जागा उरल्या. ज्या पक्षाने तोपर्यंतच्या राज्याच्या इतिहासात सर्वांत जास्त वर्षं सत्ता भोगली, त्याचं अक्षरशः पानिपत झालं.

पण मला त्याहून बोलकी वाटते ती त्यानंतरची लेबर पक्षाची गोष्ट. 2011 च्या प्रचारात लेबरने टेस्कोच्या जाहिरातीच्या धर्तीवर एक जाहिरात काढली होती. फिना गेलला एकट्याला सत्ता दिली तर काय काय महाग होईल, काय काय कापलं जाईल, याची यादीच त्यात होती. पाणीपट्टी होती, चाइल्ड बेनिफिट होतं. लेबरला 37 जागा मिळाल्या आणि ते फिना गेलबरोबरच सरकारात गेले. मग 2013 च्या बजेटमध्ये पहिल्या मुलाचं चाइल्ड बेनिफिट महिन्याला 140 युरोंवरून 130 झालं. कॉलेजची फी वाढवणार नाही असं लेखी वचन निवडणुकीआधी दिलेल्या नेत्याच्याच शिक्षणमंत्रिपदाच्या काळात फी वाढली. पाणीपट्टीचे मीटर बसायला लागले तेव्हा 2014 मध्ये लोक रस्त्यावर उतरले. 2016 मध्ये लेबर 37 वरून 7 जागांवर आली.

गंमत म्हणजे कपात करण्यात मोठा भाऊ फिना गेलच होता. त्याच्याही जागा 76 वरून 50 झाल्या, पण तो पुन्हा सत्तेत बसला. लहान पक्षाला जास्त शिक्षा का? माझ्या मते कारण साधं आहे. फिना गेलच्या मतदाराला काटकसर अपेक्षितच होती. लेबरला मत देणाऱ्याने मात्र "काटकसर रोखा" म्हणूनच मत दिलं होतं. ज्या कामासाठी माणूस ठेवला तेच काम त्याने केलं नाही, तर कोण पुन्हा ठेवेल? ग्रीन पक्षाचंही हेच झालं, तेही दोनदा. 2007 ला 6 जागा, सरकारात गेले, 2011 ला शून्य. 2020 ला 12 जागा, पुन्हा सरकारात, 2024 ला 1. इथल्या छोट्या पक्षांनी सरकारात जावं की नाही यावर आता पैजा लागतात.

आता थोडं गणित, कारण ते समजल्याशिवाय इथलं पक्षांतर कळणार नाही. (इंजिनिअर लिहितोय म्हटल्यावर एवढं तरी सहन करा!)

इथे एका मतदारसंघातून 3, 4 किंवा 5 टीडी, म्हणजे आपल्या भाषेत खासदार, निवडून जातात. मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नसतो. आवडत्या उमेदवारापुढे 1, त्याच्या खालोखाल आवडणाऱ्यापुढे 2, मग 3, असे आकडे लिहीत जायचं. आपल्याकडे राज्यसभेच्या किंवा विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघाच्या निवडणुकीत "पहिल्या पसंतीची मतं" आणि "कोटा" हे शब्द वाचलेत ना? तीच पद्धत, फक्त इथे ती सगळ्या जनतेसाठी आहे.

समजा 4 जागा आहेत आणि 50,000 वैध मतं पडली. 50,000 ला जागा अधिक एक, म्हणजे 5 ने भागायचं आणि त्यात 1 मिळवायचा. कोटा आला 10,001. ज्याला एवढी मतं मिळाली तो निवडून आला. एखाद्याला 12,001 मिळाली, तर वरची 2,000 वाया जात नाहीत, ती त्याच्या मतदारांच्या पुढच्या पसंतीच्या प्रमाणात इतरांना वाटली जातात. कोणीच कोटा गाठत नसेल तर सर्वांत खालचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या चिठ्ठ्यांवरची पुढची पसंती बघितली जाते. असं करत करत सगळ्या जागा भरेपर्यंत मोजणी चालते, कधी दोन दोन, तीन तीन दिवस. सगळं हाताने. हे काम मशीनवर करायचा प्रयत्न झाला होता. 2002 मध्ये तीन मतदारसंघांत चाचणी झाली, 5 कोटींहून जास्त युरो खर्चून मशीन आणली गेली, लोकांचा विश्वास बसेना, आणि 2012 मध्ये ती सुमारे 70 हजार युरोंना भंगारात गेली. आयटीवाल्यांनी यावर न बोललेलंच बरं.

तर या पद्धतीचा पक्षनिष्ठेवर काय परिणाम होतो? आपल्याकडे मत एकच. पक्ष बदलायचा म्हणजे एका घरातून उठून थेट दुसऱ्या घरात जायचं. इथे मतदार आधी भाड्याने राहून बघतो. फियाना फॉलचा जुना मतदार 1 आकडा फियाना फॉललाच देतो, पण रागाने 2 शिन फेनला देऊन बघतो. काही आकाश कोसळत नाही. पुढच्या वेळी 1 आणि 2 ची अदलाबदल होते. त्याला आपण निष्ठा सोडली असं वाटतही नाही. शिवाय "माझं मत फुकट जाईल" ही भीती नाही, म्हणून नव्या, लहान पक्षाला किंवा अपक्षाला पहिलं मत द्यायला कोणी कचरत नाही. पक्ष बदलायची किंमतच इतकी कमी आहे की अधूनमधून बदलला नाही तर नवल.

याच पद्धतीमुळे दुसरी एक गोष्ट होते. एकाच मतदारसंघात एकाच पक्षाचे दोन-तीन उमेदवार उभे असतात, म्हणजे टीडीला स्वतःच्याच पक्षातल्या माणसाची भीती असते. मग तो रस्त्यातले खड्डे, पेन्शनचे अर्ज, हॉस्पिटलची वेटिंग लिस्ट, सगळ्यांत लक्ष घालतो आणि मयताला आवर्जून हजेरी लावतो. मतदाराची निष्ठा पक्षाशी न राहता माणसाशी जडते. टिपरेरीचे मायकेल लोरी बघा. फिना गेलचे मंत्री होते. एका उद्योगपतीने त्यांच्या घराच्या कामाचे पैसे दिल्याचं उघड झाल्यावर 1996 मध्ये मंत्रिपद गेलं. 1997 मध्ये अपक्ष उभे राहिले आणि मतदारसंघात पहिले आले! तेव्हापासून 2024 पर्यंत प्रत्येक निवडणुकीत निवडून आले आहेत. त्यांच्या मतदारांनी पक्ष बदलला असं आकडेवारी सांगेल, पण त्यांना विचाराल तर ते म्हणतील, आम्ही कुठे हललो?

आणि याच्या बरोबर उलटही घडतं. 2020 मध्ये किल्डेअर साउथमध्ये शिन फेनच्या पॅट्रिशिया रायन प्रचार चालू असताना आधी ठरलेल्या सुट्टीवर गेल्या होत्या, तरी त्या पहिल्या आल्या. ते मत त्यांना नव्हतं, लाटेला होतं. 2024 मध्ये त्या पक्ष सोडून अपक्ष उभ्या राहिल्या आणि पडल्या. माणूस मोठा की पक्ष मोठा, याचं एक उत्तर नाही.

आता 2020 ची ती लाट. तेव्हा आपले लिओ वराडकर टीशक, म्हणजे पंतप्रधान होते. मालवण तालुक्यातल्या वराडचं हे घराणं, वडील मुंबईचे डॉक्टर. 2019 च्या डिसेंबरात ते सहकुटुंब वराडला जाऊन आले तेव्हा आपल्याकडे केवढं कौतुक झालं होतं! इथल्या मतदाराला त्या कौतुकाशी घेणंदेणं नव्हतं. ब्रेक्झिटच्या वाटाघाटी वराडकरांनी चांगल्या हाताळल्या असं बहुतेकांना मान्य होतं, अर्थव्यवस्थाही तेजीत होती. पण एक्झिट पोलमध्ये लोकांनी सांगितलं, आमचे प्रश्न हॉस्पिटल आणि घर. ब्रेक्झिट यादीत पार खाली. शिन फेनला 24.5 टक्के पहिल्या पसंतीची मतं मिळाली, सर्वांत जास्त. फिना गेल तिसऱ्या क्रमांकावर गेला. खुद्द वराडकर त्यांच्या डब्लिन वेस्टमध्ये पाचव्या फेरीत निवडून आले, पहिल्या फेरीत शिन फेनचा उमेदवार आला होता.

यातलं आश्चर्य असं की जेमतेम नऊ महिन्यांपूर्वी, मे 2019 च्या स्थानिक निवडणुकीत, शिन फेनने आपल्या जवळजवळ निम्म्या जागा गमावल्या होत्या. त्यामुळे घाबरून त्यांनी 2020 मध्ये 42 च उमेदवार उभे केले, 37 जिंकले, आणि जास्त उभे केले असते तर जास्त जिंकले असते. पक्षालाच आपल्या मतदाराचा पत्ता नव्हता. पस्तिशीच्या आतल्या मतदारांत साधारण तिघांतला एक त्यांच्याकडे गेला होता. ज्यांना उत्तर आयर्लंडमधला हिंसाचार आठवतो ते आईबाप शिन फेनचं नाव काढू देत नव्हते. मुलांना तो फक्त इतिहासाच्या पुस्तकात होता, भाडं मात्र दर महिन्याला खात्यातून जात होतं. या निकालाने एक वेगळीच गोष्ट घडली: यादवी युद्धातले दोन वैरी, फियाना फॉल आणि फिना गेल, जून 2020 मध्ये ग्रीनला घेऊन एकत्र सरकारात बसले. पणजोबा थडग्यात कूस बदलले असतील. पण त्यानंतर "आपलं घर या पक्षाचं" या वाक्याला उरलासुरला अर्थही राहिला नाही. दोघं एकत्र राज्य करू शकतात, तर मतदाराने शंभर वर्षं कशासाठी भांडायचं?

मग शिन फेन सत्तेत का आला नाही? 2022 मध्ये मतचाचण्यांत त्यांना 35 टक्क्यांच्या आसपास पाठिंबा दिसत होता. जून 2024 च्या स्थानिक निवडणुकीत तो 12 टक्क्यांच्याही आत आला आणि नोव्हेंबर 2024 मध्ये 19 टक्के. इथे आपल्याशी संबंधित भाग सुरू होतो, म्हणून जरा लक्ष देऊन वाचा.

शिन फेनकडे दोन प्रकारचे मतदार आले होते. एक शहरी, शिकलेला, भाड्याने गांजलेला तरुण. दुसरा जुन्या कामगार वस्त्यांमधला, ज्याला वाटतं की आपल्याला कोणी विचारत नाही. घराच्या प्रश्नावर दोघं एक होते. पण युक्रेनमधून निर्वासित आले, आश्रय मागणारे वाढले, त्यांच्यासाठी हॉटेलं आणि रिकाम्या इमारती घेतल्या जाऊ लागल्या, आणि "परदेशी लोक" हा विषय पुढे आला. नोव्हेंबर 2023 मध्ये डब्लिनच्या मध्यभागी दंगल झाली, बस आणि ट्राम जळल्या. आता शिन फेनची पंचाईत झाली. कडक बोललं तर तरुण जातो, मवाळ बोललं तर वस्ती जाते. दोन्हीकडून थोडे थोडे गेले. काही सोशल डेमोक्रॅट्सकडे, काही अपक्षांकडे, आणि बरेच जण मतदानालाच गेले नाहीत. 2024 मध्ये मतदान 60 टक्क्यांनाही पोचलं नाही. घरी बसणं हेही एक पक्षांतरच आहे, फक्त ते कोणी मोजत नाही.

दुसऱ्या बाजूला सरकारकडे पैसा होता. ऑक्टोबर 2024 च्या बजेटनंतर वर्षअखेर दोनदा दुप्पट चाइल्ड बेनिफिट आपल्याही खात्यात आलं होतं, आठवत असेल. शिवाय देशातली साधारण दोन-तृतीयांश घरं स्वतःच्या मालकीची आहेत. ज्याचं घर आहे त्याला घर महाग झाल्याचं फार दुःख नसतं. ज्याचं नाही तो चिडलेला असतो, पण त्याची मतं चार पक्षांत विभागली जातात. अर्थात सत्ताधाऱ्यांनाही कोणी गृहीत धरू दिलं नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला फिना गेल चाचण्यांत पुढे होता. मतदानाच्या आठवडाभर आधी त्यांचे नेते सायमन हॅरिस एका सुपरमार्केटमध्ये अपंगांच्या सेवेत काम करणाऱ्या एका महिलेला झटकून पुढे निघून जातानाचा व्हिडिओ फिरला, आणि पक्ष शेवटी 20.8 टक्के मतांवर राहून जागांच्या हिशोबात तिसरा आला. फियाना फॉलला 48 जागा, शिन फेनला 39, फिना गेलला 38. पुन्हा त्याच दोन जुन्या वैऱ्यांनी अपक्षांच्या मदतीने जानेवारी 2025 मध्ये सरकार बनवलं. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राष्ट्रपतिपदासाठी त्याच जनतेने डाव्या पक्षांच्या पाठिंब्यावर उभ्या असलेल्या अपक्ष कॅथरिन कॉनली यांना 63 टक्के मतं दिली, तर 2 लाखांहून जास्त मतपत्रिका बाद झाल्या, त्यातल्या कितीतरी मुद्दाम.

या सगळ्याचा आपल्या घराशी काय संबंध, असं कोणाला वाटत असेल तर 2025 चा उन्हाळा आठवा. जुलैमध्ये टालामध्ये एका भारतीय माणसावर हल्ला झाला, त्यानंतर आणखी प्रकार उघडकीला आले, आणि ऑगस्टमधला डब्लिनचा इंडिया डेचा कार्यक्रम पुढे ढकलावा लागला. असे हल्ले करणारे मूठभर असतात. पण कुठला पक्ष कुठल्या मतदाराच्या मागे धावतो आणि त्यासाठी आपल्याविषयी काय भाषा वापरतो, हे वर सांगितलेल्या पक्षांतरावर ठरतं. जो मतदारगट इकडून तिकडे हलू शकतो, त्याचं पक्ष ऐकतात. आपला गट हलू शकतो, पण बरेचसे यादीतच नसतात.

आपल्यापैकी अनेकांना अजून माहीत नाही की स्थानिक, म्हणजे काउंटी किंवा सिटी कौन्सिलच्या निवडणुकीत मत द्यायला आयरिश नागरिकत्व लागत नाही. तुम्ही इथे राहता, वय 18 पूर्ण आहे, एवढं पुरे. क्रिटिकल स्किल्स परमिटवर असलात तरी चालेल. डॉलच्या निवडणुकीला आयरिश किंवा ब्रिटिश नागरिकत्व लागतं, आणि सार्वमत व राष्ट्रपतिपदाला फक्त आयरिश. स्थानिक निवडणुकीत उभंही राहता येतं. टालाचे बेबी पेरेप्पाडन, मूळचे केरळचे, 2019 मध्ये अपक्ष म्हणून निवडून आले, मग फिना गेलमध्ये गेले, आणि 2024 मध्ये साउथ डब्लिनचे मेयर झाले. उमेदवारही पक्ष बदलतात, हे सांगायला आपल्या महाराष्ट्रातल्या माणसाला वेगळं उदाहरण द्यायची गरज नाही म्हणा.

कौन्सिलच्या निवडणुकीत कोटा छोटा असतो आणि शेवटची जागा अनेकदा थोडक्या मतांनी इकडची तिकडे होते. पुढची स्थानिक निवडणूक 2029 मध्ये आहे. नाव नोंदवायला तोवर थांबू नका. चेक द रजिस्टर या सरकारी साइटवर पीपीएस नंबर, जन्मतारीख आणि एअरकोड टाकून दहा मिनिटांत काम होतं. घर बदललं असेल तर पत्ताही तिथेच बदला, मुलं 16 किंवा 17 वर्षांची असतील तर त्यांची आगाऊ नोंदणीही तिथेच करता येते. आणि मतदानाला गेलात की फक्त 1 लिहून परत येऊ नका. 2, 3, 4 पण लिहा, जिथवर तुम्हाला कोणी थोडंफार चालण्यासारखं वाटतं तिथवर. तुमचा पहिला उमेदवार पडला तर मोजणीच्या सातव्या-आठव्या फेरीत कोणीतरी तुमची चिठ्ठी पुन्हा उचलून तोच आकडा शोधणार असतो.